डोकं तिचं, रिपोर्ट कुणाच्या हातात?

सी.टी. स्कॅनच्या फिल्मची ती मोठी पिशवी आता जालना जिल्ह्यात नवलाची राहिलेली नाही. परतूर, मंठा, घनसावंगीकडच्या गावांतसुद्धा ती खिळ्याला लटकलेली दिसते. कुठे मोटारसायकलवरून पडलेला मुलगा, कुठे लकवा झालेला सासरा. बाईच्या डोक्याची फिल्म मात्र माझ्या कामाच्या भागात मी फार कमी घरांत पाहिली आहे. जिथे पाहिली, तिथेही त्या बाईला आत काय लिहिलंय ते माहीत होतं, असं क्वचितच आढळलं. रिपोर्टची घडी नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या खिशात. डॉक्टर बोलतात तेही त्यांच्याशीच. बाईला बाहेर बाकावर सांगितलं जातं, "काही नाही, नस दबलीय."

हा 'नस' शब्द मोठा फसवा आहे. आपल्याकडे रक्तवाहिनी ती नस, मज्जातंतू तीही नस, आणि पाठीत चमक भरली तरी नसच. 'नस दबली', 'नस सुकली', 'मेंदूची नस फुटली', 'नस बंद पडली' या चारही वाक्यांमागे निरनिराळे आजार असतात, त्यांचे उपाय निरनिराळे आणि घाईही निरनिराळी. नस दबली म्हटल्यावर घरची माणसं तेल चोळणाऱ्याकडे नेतात. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर तेल चोळण्यात गेलेले दोन दिवस त्या बाईला जन्माचे महाग पडतात.

मी डॉक्टर नाही. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन दहा-बारा वर्षं या जिल्ह्यात बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहिते. माझं म्हणणं असं, की ज्या कार्यकर्त्या एफ.आय.आर. वाचायला शिकल्या, सातबारा वाचायला शिकल्या, त्यांनी आता मेंदूच्या तपासणीचा रिपोर्टही निदान इतका वाचायला शिकावा, की डॉक्टरांना पुढचा प्रश्न नेमका विचारता येईल.

स्त्रियांचं आरोग्य म्हटलं की आपण गर्भाशयापाशी थांबतो. त्याला कारणही तसंच होतं. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के निघाल्या. त्या आकड्यांनी आपल्या सगळ्या चळवळीला बोलतं केलं. पण त्याच गडचिरोलीत पुढे आणखी एक अभ्यास झाला, त्याची चर्चा आपल्या शिबिरांत मी फारशी ऐकली नाही. ८६ गावांतल्या २०११ ते २०१३ या दोन वर्षांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा सर्वांत मोठं कारण निघालं मेंदूचा झटका, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो तो. सुमारे सात मृत्यूंतला एक. आणि त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली. मेंदूची रक्तवाहिनी हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार आहे, ही समजूत तिथेच मोडायला हवी होती.

यंत्रांचा आणि आपला संबंधही मोठा विचित्र आहे. सोनोग्राफीच्या गैरवापराविरुद्ध आपण लढलो. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रातच झाला. पोटात मुलगा की मुलगी हे कळावं म्हणून रातोरात जीप करून जिल्हा ओलांडणारी घरं आपण पाहिली आहेत. त्याच घरातली सून आठ दिवस डोकं धरून बसली, तर 'पित्त असेल, चहा सोड' एवढ्यावर भागतं! सी.टी. स्कॅन यंत्रातून तपासलेली पहिली रुग्ण एक बाईच होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्लीज रुग्णालयात तिच्या मेंदूचं चित्र घेतलं, गाठीचा संशय होता. ज्यांनी ते यंत्र बनवलं त्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्याला अर्धं शतक उलटून गेलं, आणि आमच्याकडे बाईचं डोकं अजून पित्तातच अडकलं आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. बाळंतपणानंतर आठवड्याभरात किंवा पंधरा-वीस दिवसांत बाईचं डोकं असह्य दुखतं, उलट्या होतात, नजर धूसर होते, मग एक दिवस फेफरं येतं, एक हात-पाय लुळा पडतो. गावात याचं निदान ठरलेलं: बाहेरची बाधा, ओल्या अंगाची बाई बघून काहीतरी धरलं. मग देवऋषी, अंगारा, कधी कधी मारहाणही. (भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे पोलिसपाटलांनासुद्धा सांगावं लागतं.) अशी लक्षणं दोन-तीन कारणांनी होऊ शकतात. एक म्हणजे वाढलेला रक्तदाब. त्याचे झटके बाळंतपणाआधीच येतात असं नाही, नंतरही येतात. दुसरं कारण मेंदूच्या शिरांमधली गुठळी.

हृदयाकडून मेंदूत रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी, आणि वापरलेलं रक्त परत आणणाऱ्या त्या नीला. या नीला कवटीच्या आतल्या बाजूला मोठ्या नाल्यांना मिळतात. त्या नाल्यात रक्त गोठलं तर शेतातला चर तुंबल्यावर पाणी मागे साठतं तसं मेंदूत रक्त साठतं, सूज येते, कधी रक्तस्रावही होतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे बाईचं रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. तिच्यात अंगातलं पाणी कमी होणं, रक्तक्षय, ताप-जंतुसंसर्ग यांची भर पडली, की सोयीचा धोका होतो.

आणि पाणी कमी कशाने होतं? आपणच करतो. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, पोट सुटतं, बाळाला सर्दी होते. खाली शेगडी, खोलीला खिडकी नाही, कानाला फडकं, खायला डिंक-खोबरं आणि घोटभर कोमट पाणी. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात हे चालतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने टँकरचं पाणी मोजून प्यायलं. अशा वर्षी घरातलं पाणी सर्वांत आधी कुणाच्या वाटणीचं कमी होतं, ते मी सांगायला नको. लघवीला बाहेर जावं लागू नये म्हणून बाई स्वतःही पीत नाही. शेकाने बाळंतिणीला बरं वाटतं, डिंकाचे लाडू जरूर खावेत, त्याला माझा विरोध नाही. जुनं ते सगळं वाईट असा सूर लावला की सासवा ऐकतही नाहीत. पण पाणी तोडणं मात्र थांबलंच पाहिजे.

या आजाराकडे भारतातल्या डॉक्टरांचं लक्ष बाळंतिणींमुळेच गेलं. तामिळनाडूतल्या डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ साली गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्यांत गुठळी झालेल्या १३५ बायकांचा अभ्यास मांडला. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही यावर पुष्कळ काम झालं. पुढे दवाखान्यातली बाळंतपणं वाढली तसं चित्र पालटलं. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने २०१२ साली ४२८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्यात बाळंतिणी दहांत एकीच्या आसपास आहेत आणि पुरुष निम्म्याहून थोडे जास्त. म्हणजे हे दैव नव्हतं, बाळंतपणाची व्यवस्था सुधारली तसं ते कमी झालं. पण त्याच यादीत रक्तक्षय आणि गर्भनिरोधक गोळ्या ही कारणं ठळक दिसतात, आणि दोन्ही बायकांच्याच पदरातली आहेत.

गोळ्यांचं जरा सविस्तर सांगायला हवं. कुटुंबनियोजनाच्या ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्यांनी रक्त गोठण्याचा धोका थोडा वाढतो. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या जास्त मात्रेत घेतल्या तर त्यांनीही वाढू शकतो. घेणाऱ्या बहुतेकींना काही होत नाही, हे आधी स्पष्ट सांगते, नाहीतर हा लेख वाचून कुणी गोळी बंद करून नको असलेलं गरोदरपण ओढवून घेईल. पण ज्या बाईला पूर्वी पायात किंवा डोक्यात गुठळी झाली आहे, ज्या बाईची अर्धशिशी उठताना डोळ्यांपुढे लखलख होते, तिने इस्ट्रोजेनची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. विचारायचं कुणाला? गौरी-गणपती, नवरात्र, वारी आली की आमच्या तालुक्याच्या मेडिकल दुकानांतून पाळी ढकलायच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. घरात देव बसलेत म्हणून बाईने शिवाशिवीच्या भीतीने गोळ्या खायच्या, नऊ दिवसांचे उपास, त्यात कडक असेल तर पाणीही नाही! विटाळाच्या प्रश्नावर आपण वर्षानुवर्षं बोलतो ते प्रतिष्ठेच्या भाषेत. तो रक्ताच्या गुठळीचाही प्रश्न आहे, हे आपल्या भाषणांत यायला हवं.

आता रिपोर्टविषयी. एका घरात बाळंतिणीच्या रिपोर्टात 'सायनस थ्रॉम्बोसिस' असं होतं. घरच्यांनी 'सायनस' तेवढं वाचलं. सायनस म्हणजे सर्दी, नाक चोंदणं! डॉक्टरांनी दाखल करायला सांगितलेलं असताना दोन दिवस वाफारे चालले होते. शब्द एकच, पण मेंदूतला सायनस म्हणजे वर सांगितलेला रक्ताचा नाला. त्या नाल्यात गुठळी, असा त्याचा अर्थ. तिला वेळेवर घाटीत नेलं आणि ती वाचली, पण त्या दोन दिवसांचा दोष मी घरच्यांना देऊ शकत नाही. हा शब्द त्यांना कुणी फोडून सांगितलाच नव्हता.

रिपोर्ट लांबलचक असला तरी शेवटी 'इम्प्रेशन' म्हणून दोन-चार ओळी असतात, आधी त्या पाहाव्यात. 'इन्फार्क्ट' म्हणजे रक्त न पोचल्याने मेंदूचा तेवढा भाग निकामी झालेला. 'हेमरेज' म्हणजे रक्तस्राव. 'थ्रॉम्बोसिस' म्हणजे गुठळी. 'अन्युरिझम' म्हणजे रोहिणीच्या भिंतीला आलेला फुगा. 'ए.व्ही.एम.' म्हणजे रोहिणी आणि नीला यांचा मधल्या बारीक वाहिन्यांशिवाय झालेला जन्मजात गुंता. 'क्लिनिकल कोरिलेशन' मागितलं असेल तर त्याचा अर्थ काही लपवलंय असा नाही. फिल्म पाहणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला पाहिलेलं नसतं, त्यामुळे ते म्हणतात की तपासणाऱ्याने लक्षणांशी हे जुळवून पाहा. 'संशय', 'शक्यता', 'नाकारता येत नाही' असे शब्द असले तर तो निकाल नव्हे. पुढची तपासणी करा, एवढंच ते सुचवतात. त्या ओळीवर बोट ठेवून 'ही तपासणी कधी, कुठे आणि ती केली नाही तर काय?' असं विचारणं हे आपलं काम.

सर्वांत जास्त गोंधळ 'नॉर्मल' या शब्दाचा. साध्या सी.टी.त ताजा रक्तस्राव चांगला दिसतो. लकव्याच्या पहिल्या काही तासांत मात्र काहीच न दिसण्याची शक्यता असते. शिरांमधली गुठळीही साध्या सी.टी.त कित्येकदा सुटते, तिच्यासाठी शिरांचं वेगळं चित्र काढावं लागतं, त्याला व्हेनोग्राफी म्हणतात. रोहिण्यांसाठी अँजिओग्राफी. म्हणून बाळंतिणीचं डोकं दुखायचं थांबत नाही, फेफरं आलंय, आणि हातात साध्या सी.टी.चा 'नॉर्मल' रिपोर्ट आहे, तर तेवढ्यावर तिला 'नाटकं करते' म्हणणं चूक आहे. हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकलं आहे. यंत्राला दिसलं नाही म्हणजे बाई खोटी, हा न्याय पुरुषांच्या फिल्मला लावलेला मी पाहिला नाही.

उलटही होतं. रिपोर्टात एका बाजूचा नाला 'हायपोप्लास्टिक' लिहिलेला असतो, म्हणजे जन्मतःच बारीक. पुष्कळ धडधाकट माणसांत तो तसाच असतो. फुग्याचंही तसंच. शंभरांत तीन-एक मोठ्या माणसांच्या मेंदूत न फुटलेला फुगा असतो असा अंदाज आहे, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि बहुतेक फुगे जन्मभर फुटत नाहीत. त्याचा आकार, जागा, वय, रक्तदाब पाहून डॉक्टर ठरवतात की लक्ष ठेवायचं की शस्त्रक्रिया करायची. पण 'डोक्यात बॉम्ब आहे' असं कुणीतरी म्हणतं आणि बाईला माहेरी आणून सोडतात. अचानक, क्षणात, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, मान ताठली, शुद्ध हरपली, तर मात्र वाट पाहायची नाही. १०८ ला फोन.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या समुपदेशन केंद्रांत नोंदवलीच जात नाही. गळा दाबणं. मारहाणीच्या तक्रारीत बाई 'गळा धरला' हे जाता जाता सांगते, आपणही पुढे जातो, कारण वळ दिसत नाही. गळा दाबल्याने मानेतल्या रोहिणीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते, आणि काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, तरण्या बाईला लकवा होतो. तोवर भांडण मिटलेलं असतं, आणि कुणी दोन गोष्टींचा संबंध जोडत नाही. डोक्याचा साधा सी.टी. इथे नॉर्मल येऊ शकतो, मानेच्या रोहिण्यांची अँजिओग्राफी लागते, आणि डॉक्टरांना ती सुचण्यासाठी 'गळा दाबला होता' हे शब्द कुणीतरी उच्चारावे लागतात. आवाज बसला का, गिळताना दुखतं का, शुद्ध गेली होती का, हे प्रश्न आपल्या छापील अर्जात आजच घालता येतील. २००५ च्या कौटुंबिक हिंसाविरोधी कायद्यात पीडित बाईला वैद्यकीय मदत देण्याची जबाबदारी आहे, तिचा उपयोग इथे करायचा.

आजारातून उठल्यावर दुसरा आजार सुरू होतो. एक-दोनदा फेफरं आलेली सून 'मिरगीवाली' ठरते. आता हिला मूल होणार नाही, झालं तर मरेल, असं सांगून दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात, आणि तो रिपोर्ट, जो तिने कधी वाचला नाही, वकिलाच्या फाइलीत जातो. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही लग्नाला बाधक गोष्ट मानली जाई. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. पंचवीस वर्षं होऊन गेली तरी सासरकडचे जुनाच कायदा सांगतात आणि माहेरचे मान खाली घालतात. वेळेवर औषध मिळालं तर शिरांमधल्या गुठळीतून बहुसंख्य बायका बऱ्या होतात. इस्ट्रोजेनच्या गोळ्या त्यांनी टाळायच्या असतात. पुढचं बाळंतपण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनांवर होऊ शकतं. हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, तोंडी सांगितलेलं सासरी पोचेपर्यंत बदलतं.

आमच्याच गटातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीचं यावर म्हणणं आहे, की बायकांना हे कठीण शब्द शिकवून भीती वाढेल, डोकं दुखलं की प्रत्येकजण स्कॅन मागेल, आणि स्कॅनवाल्यांचं फावेल. शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. डोकेदुखीच्या बहुतेक बायकांना स्कॅनची गरज नसते. रक्तदाब, हिमोग्लोबिन, चष्मा, झोप आणि उपास यांचा विचार आधी झाला पाहिजे, आणि सी.टी.त क्ष-किरण असतात हेही विसरू नये. पण भीतीचं मला पटत नाही. बाया आजही भितात, 'नस' या शब्दाला भितात, कारण त्यात काहीही मावतं.

रिपोर्ट आणि केसपेपरची प्रत मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. अर्ज बाईच्या नावाने करावा, सही किंवा अंगठा तिचा. प्रत तिच्या स्वतःच्या पेटीत. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला ४२ दिवसांपर्यंत उपचार, तपासण्या आणि वाहनाची सोय मोफत आहे, जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. मेंदूच्या शिरांची तपासणी तिथे रात्री-अपरात्रीही व्हावी, साठ किलोमीटर गाडी पळवावी लागू नये, ही मागणी जिल्ह्यातल्या गटांनी एकत्र करायला हवी.

तोवर आशाताईंकडून सुरुवात करता येईल. बाळ पाहायला त्या तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतात, म्हणजे नेमके तेच सहा आठवडे. वजनकाटा, तापमापक त्यांच्या पिशवीत असतो. बाळाची नोंद झाली की आईला दोन प्रश्न: डोकं दुखतंय का, आणि आज किती तांबे पाणी प्यायलीस? प्रश्न सासूच्या समोर विचारायचा, म्हणजे तांब्या भरायला तीच उठते.